जसिंताच्या बारीक तारा

वसईतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये लीड गिटारची एकच जागा होती आणि निवड रेमंड मास्तर करणार होते. मास्तर स्वतः जाडजूड तारा लावत आणि त्या दणकून वाजवत. त्या जागेसाठी आलेल्या जसिंता डाबरेच्या गिटारच्या बारीक तारा बघून ते सगळ्यांदेखत हसले, "या तर लहान पोरींच्या तारा! यांना ताकद लागते कुठे?"

"मग मास्तर, तुम्हीच वाजवून दाखवा," म्हणत जसिंताने गिटार सुरात लावून त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी सवयीने तारा करकचून दाबल्या. त्या ताणल्या जाऊन सूर चढले आणि सगळी धून बेसूर झाली.

"गिटारच बिघडलीय!" ते गरजले.

जसिंताने एकही खुंटी न पिळता तीच धून सुरेल वाजवली.

"मास्तर, बारीक तारेला हळू सांगितलेलंही कळतं," ती म्हणाली. "तुम्ही तिच्यावर ओरडलात."