खारूताईची गरम राख

फार मागे, डोंगरावरचा रानवाल संपत आला, तेव्हा खारूताईने उरलेलं सगळं बी गोळा केलं. त्यातले चार दाणे घुशीने पळवले. "मेली चोरटी!" म्हणत खारूताईने रान डोक्यावर घेतलं.

बियाणं राखेत ठेवतात, हे तिला ठाऊक होतं; पण राख गार होईपर्यंत थांबणार कोण? धनगरांच्या चुलीतल्या गरम राखेतच तिने उरलेलं बी पुरलं.

पावसाळ्यात पेरलं, तर एकही उगवेना. राखेत राहिलेला दाणा घुशीने चावून पाहिला. "ताई, खमंग झालेत हो!"

खारूताई रडकुंडीला आली. तशी घुशीने तिला आपल्या बिळाशी नेलं. तिथे विसरलेल्या चार दाण्यांचे वेल डोलत होते.

आता खारूताई राख गार होऊ देते, आणि चार दाणे मुद्दाम घुशीच्या वाटेवर सांडते. वर ओरडतेही, "मेली चोरटी!"