माजघरात शिरलेलं तळं

एका गावात एक तळं होतं आणि त्या गावाची एक रीत होती. नवरदेवाने पलीकडच्या काठावरून होडीत बसून यायचं. होडी अलीकडे टेकली की मगच अक्षता. नाही टेकली, तर वऱ्हाड आल्या पावली परत.

पण तळं वर्षागणिक आटत चाललं होतं. पाऊसही लहरी झाला होता. महिना महिना तोंड दाखवायचा नाही आणि आला की एका दिवसात सगळं ओतून मोकळा.

त्यात पाटलांच्या लेकीचं लग्न ठरलं. पाटलांनी कंबर कसली. तळ्याला दगडी पायऱ्या बांधल्या, काठावर फुलझाडं लावली, होडीला लाल रंग दिला.

होडी चालवणारी नावाडीण म्हणाली, "पाटील, थाट झकास झालाय, पण पाणी कुठाय? डोंगरावरनं तळ्यात येणारा ओढा तुम्ही बुजवलात आणि वर ओटा बांधलात."

"माझ्या एकट्याच्या ओट्याने काय होतंय?" पाटील म्हणाले. "खाली वाण्याची वखारही ओढ्यातच आहे. त्याला सांग जा."

वाणी म्हणाला, "आधी पाटलांचा ओटा हलू दे, मग बघू." झालं, दोघेही निवांत.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळला. पाटील खूश. डोंगरावरचं पाणी धो धो खाली आलं, ओट्याला अडलं आणि वळून थेट पाटलांच्या माजघरात शिरलं. लाडू तरंगू लागले. पाटलीणबाई पाटावर चढून उभ्या राहिल्या. आणि तिकडे तळ्यात नुसता चिखल, चिखलात रुतलेली लाल होडी, होडीत मुंडावळ्या सावरत बसलेला नवरदेव.

व्याह्यांचा निरोप आला, "मुहूर्ताला घटकाभर उरली. होडी हलली नाही, तर आम्ही निघालो."

पाटलांची लेक हळदीच्या अंगाने पाणी उपसत होती. ती रडत म्हणाली, "आबा, ओटा माझ्यापेक्षा लाडका आहे का हो?"

पाटलांनी पहार उचलली आणि ओट्यावर पहिला घाव स्वतः घातला. ते बघून वाणी ओशाळला आणि वखारीची भिंत पाडायला धावला. ओढा मोकळा झाला. पाणी तळ्यात उतरलं आणि होडी हलली.

नवरदेव काठाला लागला तेव्हा पाटील डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखले होते. नवरदेवाने त्यांना गडी समजून आपल्या वहाणा हातात दिल्या. पाटलांनी त्या मुकाट्याने तळ्याच्या पाण्यात धुऊन आणल्या.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तात्पर्य एवढंच: तळ्याचा काठ सजवण्याआधी पाण्याची वाट मोकळी करा, आणि सुरुवात आपल्याच दारापासून करा.