नवसाचा दुधी

हे सगळं सकाळी बरोबर अकरा वाजता सुरू झालं. रानात घड्याळ नसतं, पण त्या रानाच्या कडेला एक शाळा होती आणि शाळा भरल्याची घंटा अकराला व्हायची. घंटा झाली तेव्हा सशीण विळीपाशी बसली होती. समोर दुधी होता. देठाकडची एक पातळ चकती कापून तिने हातात घेतली, तोंडाजवळ नेली आणि न चाखताच खाली ठेवली. एवढंच झालं. पण मुलांनो, पुढे जे घडलं ते त्या खाली ठेवलेल्या चकतीमुळे घडलं, म्हणून ती वेळ आधी सांगितली.

त्या रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली ही सशीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. थोरला जेवायला बसला की नाक मुरडायचा. मेथी नको, पालक नको, काकडीची बी दातात अडकते. धाकटी मात्र गुणाची होती. पुढ्यात येईल ते खायची आणि पान चाटूनपुसून स्वच्छ करायची. जन्मली तेव्हा ती मुठीएवढी होती आणि मागच्या पायांत जोर नव्हता. तेव्हा सशीण वनदेवीला नवस बोलली होती, "माझी पोर उड्या मारू दे. दारातल्या वेलाचा पहिला दुधी तुझा. खीर करून आणीन, कुणाचं बोटही लागू देणार नाही." पोर वर्षभरात उड्या मारायला लागली. नवस तेवढा फेडायचा राहिला होता.

सशिणीला पिल्लांची फार काळजी. पालेभाजी ती तीन पाण्यांतून काढायची. मुळ्याची माती घासून धुवायची, पिण्याचं पाणी झाकून ठेवायची, चिरलेलं काही उघडं टाकायची नाही. जेवणाआधी पंजे धुतले का, हे दोनदा विचारायची.

"धुतले गं आई," थोरला म्हणायचा.

"दाखव. आणि मागचे?"

"मागच्या पायांनी कोण जेवतं?"

"उलट बोलू नकोस. धुऊन ये."

बागेतही तिचं तसंच. वेलाला पाणी घालायचं ते बुडाशी, पानांवर नाही. किडे दिसले की सकाळी चुलीतली गार राख पानांवर भुरभुरायची. तिच्या दुधीचा वेल करंजावर चढून बसला होता आणि सगळं रान त्याचं कौतुक करायचं.

कुंपणापलीकडे मुंगूस राहायचा. त्याच्याही दारात वेल होता, पण तो कडू भोपळ्याचा. ते भोपळे तो वाळवायचा आणि पोरांच्या पाठीला बांधून त्यांना ओढ्यात पोहायला शिकवायचा.

"वहिनी, तुमच्या थोरल्यालाही बांधू का एक?" तो हसून विचारायचा. "नाक मुरडण्यात पहिला नंबर आहे, पोहण्यात बघू कितवा येतो."

"राहू दे भावजी, तुमचा भोपळा फुटायचा आणि माझं पोर जायचं."

दोन्ही वेलांची पांढरी फुलं संध्याकाळी उमलायची. मग पाकोळ्या, म्हणजे रात्रीची फुलपाखरं, यायच्या. या वेलावर बसायच्या, त्या वेलावर बसायच्या, आणि त्यांच्या पायांना लागून कडू वेलाचे पराग सशिणीच्या फुलांवर यायचे. हे कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी कुणाला काही वाटलं नसतं. त्या वर्षी सशिणीच्या वेलाचे दुधी नेहमीसारखेच गोड निघाले. कडूपणा बियांत उतरला होता, आणि बी नुसतं बघून काही कळत नाही. सशिणीने एक चांगला दुधी वेलावरच वाळू दिला, त्यातलं बी काढलं, राखेत घोळलं आणि मडक्यात जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी बी टोकायच्या वेळी टेकडीवरची साळिंदर म्हातारी आली. रानात कुणाला काही झालं तर झाडपाला द्यायला तिलाच बोलवायचे.

"बी कुठलं गं?" तिने विचारलं.

"घरचंच, आजी. मागच्या वर्षीचं."

"मुंगसाचा कडू वेल शेजारी होता ना? मग ते टाकून दे. माझ्याकडचं ने. माझ्या टेकडीवर कडू वेल नाही."

"इतकं जपलेलं बी कसं टाकू?"

म्हातारीने मान हलवली. "मग एवढं तरी कर. दुधी असो, दोडका असो, काकडी असो, चिरायच्या आधी देठाकडची चकती काढायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. कडू लागली की थुंकायची, चूळ भरायची आणि ते फळ खड्ड्यात पुरायचं. शिजवून ते कडूपण जात नाही. गूळ घातलास तर नुसतं लपतं."

"बरं आजी."

आणि सशिणीने तसं केलंही, मुलांनो. ती ऐकणारी होती. दोडका चाखून चिरला, काकडी चाखून चिरली. मग वेलाला पहिला दुधी लागला. लांब, कोवळा, अंगावर बारीक लव असलेला. तो देवीचा होता.

त्या दिवशी सशिणीला उपास होता. तिने पहाटेच अंघोळ केली, हरिणीकडून वाटीभर दूध मागून आणलं, चूल सारवली. मुंगूस कुंपणातून डोकावून म्हणाला, "आज नवस फेडताय वाटतं! धाकटी काय उड्या मारते हो, नजर लागेल कुणाची."

मग अकराची घंटा झाली. चकती हातात होती. सशिणीच्या मनात आलं, हा दुधी मी आधी चाखला तर तो उष्टा झाला, आणि उष्ट्याचा नैवेद्य कसा दाखवू? माझ्या पोरीचे पाय देवीने दिलेत. तिने चकती खाली ठेवली. दुधी किसला, दुधात शिजवला, गूळ घातला. वास छान सुटला. पळसाच्या पानावर खीर घेऊन ती देवीच्या दगडापाशी गेली, डोळे मिटून बराच वेळ बसली आणि परत येऊन तिने पिल्लांना वाढलं. स्वतःला वाढून घेतलं नाही, कारण तिचा उपास संध्याकाळी सुटणार होता.

थोरल्याने एक घास घेतला. "आई, कडू आहे."

"प्रसादाला नावं ठेवतोस? कान धर."

"पण खरंच कडू आहे."

"तुला सगळंच कडू लागतं. मेथी कडू, पालक कडू, काल काकडीसुद्धा."

"काल काकडीत बी होती."

"मग आज खिरीत काय आहे, हत्ती?" सशीण धाकटीकडे वळली. "तू सांग गं. कडू आहे?"

धाकटीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई पहाटेपासून उपाशी होती. "नाही," ती म्हणाली. "थोडी... नाही. गोड आहे."

"बघ, ही लहान असून!" सशिणीने दोन्ही पानांवर आणखी गुळाचा खडा कुस्करला. "आता तरी झालं?" आणि ती पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा दोन्ही पानं रिकामी होती. धाकटीचं तर चाटूनपुसून.

"शहाणं गं माझं बाळ," सशीण म्हणाली आणि तिने धाकटीला खिरीचा आणखी एक डाव वाढला.

पाऊण तास झाला नसेल, धाकटी पोट धरून बसली. मग तिला उलटी झाली, लगेच दुसरी. सशिणीला सकाळचं मुंगसाचं बोलणं आठवलं. दृष्ट लागली, असं तिच्या मनाने घेतलं. तिने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मग आल्याचा रस चाटवला. मग पोटावर शेक दिला. एक तास असाच गेला. पुढच्या उलटीत लाल दिसलं, तेव्हा मात्र ती टेकडीकडे धावत सुटली.

साळिंदर म्हातारी येता येताच विचारत होती. "काय खाल्लं पोरीनं?"

"काही नाही हो. प्रसादच तेवढा."

"कसला?"

"दुधीच्या खिरीचा."

"चकती चाखलीस?"

"नैवेद्याचा होता, आजी."

घरी आल्यावर म्हातारीने खिरीचं पातेलं पुढे ओढलं. "चाख."

"माझा उपास आहे, आजी."

"मोडू दे. नुसती जिभेला लाव."

सशिणीने डावाचं टोक जिभेला लावलं. आधी गूळ लागला. मग गुळामागून ते कडूपण आलं आणि जिभेवर बसून राहिलं. तिने थुंकलं, चूळ भरली, पुन्हा भरली. ते जाईना.

म्हातारी धाकटीला थेंब थेंब पाणी पाजत राहिली. पोरीचं अंग गार पडत चाललं होतं, म्हणून वाळलेलं गवत पांघरलं. "यावर माझ्याकडे पाला नाही," म्हातारी हळू आवाजात म्हणाली.

धाकटीने एकदा डोळे उघडले. "आई, मी सगळं संपवलं ना?"

"हो गं राणी."

"मग पोटात का दुखतंय?"

सशीण तिचे पाय चोळत बसली. उड्या मारणारे ते पाय. पाच वाजता शाळा सुटल्याची घंटा झाली. धाकटीने ती ऐकली नाही; तिचा श्वास त्याआधीच थांबला होता.

संध्याकाळी थोरला एक पान घेऊन आईसमोर उभा राहिला. पानात त्याच्या वाटणीची खीर होती, मातीने माखलेली. "मी पहिल्या घासापुढे खाल्ली नव्हती," तो म्हणाला. "बिळामागे लपवली होती. मला ओरडू नकोस."

सशिणीने त्याला जवळ घेतलं.

"मी तिलाही म्हटलं होतं, लपव म्हणून," थोरला रडत म्हणाला. "ती म्हणाली, आईला वाईट वाटेल."

सशिणीने त्याचे डोळे पुसले. मग तिने म्हातारीला विचारलं, "मी चाखून उष्टं केलं असतं, तर देवी रागावली असती का?"

"चकती तू खाशील आणि खीर देवी खाईल. उष्टं कुठं झालं?" म्हातारी म्हणाली. "मी तर पहिलं फळसुद्धा आधी चाखते, मग दाखवते."

"मग तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आणि मला सुचलं नाही, पोरी. तेवढं माझंही चुकलं."

दुसऱ्या दिवशी सशिणीने वेल मुळासकट उपटला. लागलेले सगळे दुधी खोल खड्ड्यात पुरले, मडक्यातलं उरलेलं बी चुलीत घातलं. मुंगूस कुंपणापाशी खाली मान घालून उभा होता. "वहिनी, मला खरंच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"मलाही नव्हतं, भावजी."

मुंगसाने आपलाही वेल उपटला आणि पुढच्या वर्षी ओढ्याच्या पार पलीकडे लावला. सशिणीने म्हातारीकडचं बी टोकलं. त्या वेलाचे दुधी गोड निघाले, पण सशीण प्रत्येकाची चकती काढते. आधी स्वतः जिभेला लावते. शिजल्यावर थोरल्याच्या पानात चमचाभरच वाढते आणि विचारते, "कसं लागतंय?" मग तो बोलेपर्यंत थांबते. देवीच्या दगडाकडे ती अजून जाते. नवस मात्र पुन्हा बोलली नाही.

मुलांनो, सशिणीच्या रानात दवाखाना नव्हता. आपल्याकडे आहे. दुधी कडू लागला तर तो घास थुंका, मोठ्यांना ओरडून सांगा, आणि चुकून पोटात गेला तर दृष्ट काढत बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की कडू दुधी खाल्लाय. आई रागावेल म्हणून गोड आहे असं म्हणू नका. आई रागावली तर रागावू दे. मीसुद्धा आता माझ्या मुलीला विचारल्याशिवाय दुसरा डाव वाढत नाही.

तात्पर्य : चिरण्याआधी दुधीची चकती चाखावी, मग तो नैवेद्याचा का असेना, आणि मूल कडू म्हणालं तर त्याला हट्टी न म्हणता आधी आपण चव घ्यावी, ज्यांच्या ज्यांच्या दारात वेल आहे त्यांना हे आजच सांगा, आणि त्यांनाही पुढे सांगायला सांगा.