शंभर दालनांची आखणी

पूर्वी शूर्पारक नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे गवंड्यांच्या कुळात जन्मला. त्याचं नाव सोमिल. त्याची भिंत केसभरही वाकडी जात नसे, आणि जीभही तशीच सरळ होती.

त्याच नगरीत नंदिक नावाचा श्रेष्ठी राहत होता. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची म्हातारी आई. पण त्याच्या मनाने घेतलं, शंभर दालनांचा प्रासाद हवा, राजवाड्याहून मोठा! जागा हवी ती नेमकी कुंभारवाड्याची. राजाची संमतीही त्याने मिळवली. चाळीस घरं भट्ट्यांसकट पाडली जाणार, हे ऐकून कुंभारांच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्यांच्यातला एक वृद्ध सोमिलकडे येऊन म्हणाला, "बाबा रे, तू या कामाला नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर तो दुसरा गवंडी आणील. काम मीच घेतो. तुम्ही निर्धास्त राहा."

गवंड्यांची एक रीत होती. पाया खणण्याआधी चुन्याने पुरी आखणी करायची आणि घरधन्याने त्या रेघांत सहकुटुंब एक दिवस काढायचा. ये-जा करायची ती आखलेल्या दारांतूनच. कुंभारवाड्यात अजून घरं उभी होती, म्हणून सोमिलने खाडीकाठच्या मोकळ्या माळावर तेवढ्याच मापाची आखणी केली.

श्रेष्ठी मोठ्या ऐटीत आपल्या दालनात लोडाला टेकला. पार दुसऱ्या टोकाला आईचं दालन होतं. सोमिल तिच्याजवळ बसून राहिला. दुपारी तिचा जीव घाबरा झाला. ती मुलाला हाका मारू लागली, पण तिकडे काही ऐकू जाईना. सोमिलने तिला पाणी पाजलं, वारा घातला आणि श्रेष्ठीला बोलावणं धाडलं.

एकामागून एक दारं ओलांडत श्रेष्ठी धापा टाकत आला.

"आई, हाक नाही का मारायचीस?"

"मारली रे. सात वेळा मारली. अजून तर भिंतीही उठल्या नाहीत, बाळा."

श्रेष्ठी सोमिलवर उसळला. "तुला हे ठाऊक होतं!"

"होतं," सोमिल शांतपणे म्हणाला. "नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही मला हाकलून दिलं असतं. आता बोला, धनी. कुंभारांची घरं पाडून पाया खणू?"

श्रेष्ठीला रडू कोसळलं. त्याने आईला दोन्ही हातांनी उचललं आणि दारं न बघता, चुना तुडवत तो तिला सरळ जुन्या घरी घेऊन गेला. कुंभारवाडा जिथल्या तिथे राहिला.

एवढं सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, विहारातली सर्वांत मोठी कुटी मलाच हवी म्हणून आज भांडणारा हा सुदंत, तोच तेव्हाचा नंदिक. दान घेऊन दाराशी उभी असलेली ही उपासिका त्याची आई होती. सोमिल गवंडी मी होतो. दुसऱ्याचं घर वाचवताना ज्याचा हट्ट मोडायचा त्याचंही भलं पाहणं, हीच प्रज्ञा."