कच्चे पाणी

फार जुनी गोष्ट नाही. नदीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावी आरोलकर गुरुजी नावाचे वृद्ध गृहस्थ राहत होते. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या पडवीत काचेच्या टाक्या मांडल्या आणि मासे पाळायला आरंभ केला. मासे त्यांनी कधी विकले नाहीत. मात्र शिकायला आलेल्या कुणाला विन्मुखही पाठवले नाही. शलाका ही त्यांची अशीच एक शिष्या. तिशीला टेकलेली, औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून आलेली. लोकांच्या घरी, दुकानांत माशांच्या टाक्या बसवून देण्याचा व्यवसाय करायचा, असे तिच्या मनाने घेतले होते. वर्षभर ती गुरुजींकडे येऊन टाक्या घासत होती, प्रश्न विचारत होती, वहीत टिपून घेत होती.

तिला पहिले मोठे काम मिळाले ते दामोदरशेठ कोष्टी यांच्याकडून. शेठचे साड्यांचे नवे दुकान दसऱ्याला उघडणार होते. दर्शनी भागात सहा फुटी टाकी हवी आणि तीत लांब परांचे एंजल मासे हवेत, असा त्यांचा आग्रह. बोलावणे आले ते नेमके घटस्थापनेच्या दिवशी. हातात नऊ दिवस.

शलाका धावतच गुरुजींकडे गेली. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले.

"टाकी बसव, पाणी भर, फिल्टर सुरू कर," ते म्हणाले. "आणि रोज सकाळी चिमूटभर माशांचं खाणं त्यात टाकत जा."

"आणि मासे?"

"मासे पाच-सहा आठवड्यांनी."

यातले शास्त्र शलाकाला ठाऊक होते. नवे पाणी स्फटिकासारखे दिसले तरी ते कच्चे असते. माशांच्या विष्ठेतून पाण्यात विष तयार होते. ते विष खाऊन टाकणारे सूक्ष्म जिवाणू जुन्या टाकीत असतात, नव्या टाकीत नसतात. ते हळूहळू वाढतात आणि वाढायला त्यांना तेच विष लागते. म्हणून रिकाम्या टाकीत खाणे टाकायचे, ते कुजू द्यायचे आणि वाट पाहायची. मुरलेल्या टाकीतला स्पंज आणून नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर काम लवकर होते. पण त्या महिन्यात गुरुजींच्या सगळ्या टाक्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फिरत होता. तिथला स्पंज नेणे म्हणजे रोगच नेणे.

शलाकाने शेठना हे समजावून पाहिले. शेठ मोठ्याने हसले.

"रिकाम्या टाकीला जेवू घालायचं? अहो ताई, दसऱ्याला माझ्या दारात सगळं गाव येणार. त्यांना मी नुसतं पाणी दाखवू? तुमच्याने होत नसेल तर तसं सांगा, दुसरा माणूस बघतो."

परतताना ती बाजारातल्या मासेविक्रेत्याकडे थांबली. त्याने चुटकीसरशी तोड सांगितली. "झेब्रा मासे सोडा वीसेक. चिवट जात आहे. त्यांच्या घाणीवर जिवाणू वाढतात, त्यांच्यावर पाणी पिकतं. मरतील ते मरतील, मग तुमचे भारी मासे सोडायचे. सगळे असंच करतात."

सगळे असेच करतात, या शब्दांनी तिला धीर आला. अष्टमीला तिने वीस झेब्रा मासे टाकीत सोडले. गुरुजींना सांगितले नाही. इतक्यात सांगायलाच हवे असे नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

दसऱ्याचा दिवस झोकात पार पडला. निळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे टाकीभर सुळसुळत होते. बायका साड्या सोडून आधी टाकीपाशी थांबत होत्या. पुढच्या महिन्यात खरे मासे येणार, असे शेठ प्रत्येकाला सांगत होते.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. सहाव्या दिवशी सकाळी शलाकाने जाळीने अकरा मेलेले मासे बाहेर काढले आणि कागदात गुंडाळले. ती पुडी हातात घेऊनच ती गुरुजींच्या दारात उभी राहिली.

गुरुजींनी पुडी उघडून पाहिली. काय झाले ते त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी विचारले, "किती जिवंत आहेत?"

"नऊ."

त्यांनी पडवीतल्या दोन कोऱ्या बादल्या उचलल्या. "चल."

त्या नऊ माशांना गुरुजींच्या टाक्यांत हलवता येत नव्हते; तिथे रोग होता. विक्रेत्याने ते परत घ्यायला नकार दिला. राहता राहिला एकच उपाय. दुकानाच्या परसात एक मोठे पिंप होते. त्यात नळाचे पाणी भरून दिवसभर उघडे ठेवायचे, म्हणजे त्यातले माशांना बाधणारे क्लोरीन उडून जाते. मग रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी टाकीतले पाव हिस्सा पाणी काढायचे आणि पिंपातले तितकेच भरायचे. दहा बादल्या बाहेर, दहा बादल्या आत. विष पूर्ण जात नाही, पण सोसण्याइतके विरते.

पहिल्याच दिवशी शलाका म्हणाली, "गुरुजी, चूक माझी आहे. मी एकटी करते."

"दोघांनी केलं तर तुझ्या वाट्याला पाच बादल्या येतात," एवढेच म्हणून गुरुजींनी बादली उचलली. त्यांचे वय तेव्हा शहात्तर होते.

तिला वाटले होते, ते रागावतील. ते रागावले नाहीत, आणि हेच तिला जास्त जड जात होते. रोज पहाटे ती पोचे तेव्हा गुरुजी दुकानाच्या पायरीवर बसलेले असत. शेठ किल्ल्या घेऊन येत, शटर वर करत आणि गल्ल्यापाशी चहा पीत हा प्रकार पाहत. आठवडाभरानंतर त्यांना राहवले नाही.

"गुरुजी, एवढे कष्ट कशाला? कवडीमोलाचे मासे. मेले तर दुसरे वीस आणू."

गुरुजींनी हसून मान हलवली आणि पुढची बादली उचलली. शेठनी शलाकाकडे पाहून खांदे उडवले.

त्या आठवड्यात आणखी दोन मासे गेले. उरले सात. शलाका रोज काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकी. पाणी पिवळे राहिले तर निर्धास्त, हिरवे झाले तर विष. रोज ते हिरवे होई.

दिवाळी आली. दुकानात गर्दी उसळली. तरीही पाडव्यालासुद्धा पहाटेचे काम चुकले नाही. भाऊबीजेच्या दिवशी मात्र परसाच्या उंबऱ्यावर गुरुजींचा पाय अडखळला. बादली सांडली. त्यांचा उजवा गुडघा चांगलाच सुजला होता. तो त्यांनी धोतराआड दडवला होता, हे शलाकाला तेव्हा दिसले. तिचा संयम सुटला.

"पुरे झालं गुरुजी! रोज पाणी बदलल्यामुळे ते जिवाणू सावकाश वाढताहेत, हे तुम्हीच शिकवलंत. पाणी बदललं नसतं तर एव्हाना टाकी तयार झाली असती. सात माशांसाठी तुम्ही गुडघा घालवणार आहात का? मला शिक्षाच करायची असेल तर सरळ करा."

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. गुरुजी एका स्टुलावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून.

"ही शिक्षा नाही, शलाका," ते म्हणाले. "नवं पाणी आपोआप पिकत नाही, कुणीतरी सोसल्यावर पिकतं. टाकी रिकामी ठेवली असती तर आपण सोसलं असतं. वाट पाहणं, लोकांचं हसणं, काम हातचं जाण्याची भीती. तेवढं सोसायचं टाळलं आपण, आणि ते या मुक्या जिवांवर ढकललं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता झालं ते झालं. त्यांना बाहेर काढायला दुसरी जागा नाही. पण त्यांच्या पाठीवर टाकलेल्या ओझ्यातलं जमेल तेवढं आपण परत उचलू शकतो. रोज दहा बादल्या, एवढंच ते ओझं आहे. टाकी चार दिवस उशिरा तयार होईल. होऊ दे."

सांडलेले पाणी फरशीवरून वाहत होते. शलाकाने फडके घेऊन ते पुसून काढले. मग पिंपाशी जाऊन तिने बादली भरली. त्या दिवशी दहाच्या दहा बादल्या तिने एकटीने वाहिल्या आणि गुरुजींनी तिला अडवले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांना घरीच थांबायला लावले. गुडघ्याला लेप लावून ते घरी बसले आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून माशांची खबर घेत राहिले.

विषाचा हिरवा रंग हळूहळू फिका होत गेला. कार्तिक संपता संपता एके सकाळी नळीतले पाणी पिवळे राहिले. दुसऱ्या दिवशीही पिवळे. आठवडाभर रोज पाहून शलाकाने खात्री केली आणि मग एंजल माशांची ऑर्डर दिली.

मासे आले त्या दिवशी गुरुजी काठी टेकत दुकानात आले. फुगवलेल्या पिशव्यांमध्ये रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे, लांब परांचे मासे डुलत होते. खरेदीला आलेली माणसे भोवती जमली. शेठ खुशीत होते.

"ताई, आता ते आधीचे बारके काढून टाका," ते म्हणाले. "यांच्या पंगतीत ते शोभत नाहीत."

शलाकाने जाळी हातात घेतली नाही. "ते इथेच राहतील, शेठ."

"म्हणजे?"

"हे पाणी त्यांच्यावर पिकलंय. ते बाहेर जाणार असतील तर मी हे नवे मासे सोडणार नाही. तुम्ही खुशाल दुसरा माणूस बघा."

तिचा आवाज चढला नव्हता. शेठनी गुरुजींकडे पाहिले. "गुरुजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"टाकी तिची आहे," गुरुजी म्हणाले. "मी काय सांगणार?"

शेठ टाकीपाशी गेले. गेले दोन महिने हे मासे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पण इतक्या जवळून त्यांनी ते आज प्रथमच पाहिले असावेत. सात पट्टेरी जीव एका ओळीत, फिल्टरच्या प्रवाहाशी झगडत पोहत होते. एकाच्या शेपटीचा कोपरा झडलेला होता. शेठ काही वेळ वाकून पाहत राहिले आणि मग हात मागे बांधून बाजूला झाले.

"सोडा," ते म्हणाले. "सगळेच राहू देत."

शलाकाने पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मग एकेक एंजल मासा अलगद आत सोडला. ते कोपऱ्यात दबकून उभे राहिले. झेब्रा मासे त्यांच्या अवतीभवती बिनघोर फिरत होते.

एक वयस्क बाई काचेपाशी येऊन म्हणाल्या, "शेठ, मासे छान आणलेत हो. यातले भारीतले कोणते?"

शेठनी झेब्रा माशांकडे बोट दाखवले. "हे सात आधीचे," ते म्हणाले. "बाकीचे आज आलेत."

गुरुजींनी काठी उचलली आणि शलाकाला म्हणाले, "चल, माझ्या टाक्यांचं पाणी बदलायचंय." दोघे पायऱ्या उतरून गेले.

आपणही कितीतरी तयार जागी पाऊल ठेवतो. ती कुणाच्या सोसण्यावर तयार झाली आणि त्यांतले कुणी अजून तिथे आहे का, एवढे तरी आत शिरताना विचारून घ्यावे.