शांतवनबाबांची दाढ

फार वर्षांपूर्वी, निंबोळवाडीला बैलगाडीचीसुद्धा वाट नव्हती, तेव्हाचं हे. काखोटीला बायबल आणि हातात एकतारी घेऊन शांतवनबाबा वाडीत आले. कुठल्या मिशनचे नाहीत, कुणा साहेबानं धाडलेले नाहीत. आले ते थेट निंबाखाली उपदेशाला उभे राहिले. आवाज इतका गोड, की ते बोलू लागले म्हणजे ओढ्याचं पाणी ऐकायला थांबायचं, असं म्हणतात.

वाडी तर पार वेडी झाली! बाबा जरासे लंगडत, तर धडधाकट माणसंही लंगडू लागली. बाबा खोकले की सगळी मंडळी खोकायची. बाबांना हे दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

एकदा बाबांनी अन्न सोडलं. झालं! दुसऱ्या दिवशी वाडीत एकही चूल पेटली नाही. बाबा काही बोलले नाहीत. चार दिवस गेले. माणसं इतकी हलकी झाली, की चालताना त्यांची पावलं मातीत उमटत नव्हती, असं म्हणतात.

पाचव्या दिवशी रविवार होता. उपासनेत राहेल नावाची बाळंतीण तान्ह्या लेकीला घेऊन पुढं आली. पोरीला रडायचंही त्राण नव्हतं.

"बाबा, माझं दूध आटलं. देवानं अजून किती दिवस सांगितलेत?"

बाबांनी बाळाच्या कोरड्या ओठांना बोट लावलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं.

"देवानं काही सांगितलं नाही गं, माझे आई," ते रडत म्हणाले. "माझी दाढ ठणकत होती. चावता येईना. तुम्ही उपास समजलात, मला मोठं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो."

"मग आधी तुम्हीच खा. त्याशिवाय ही माणसं नाही खायची."

राहेलच्या सासूनं धावत जाऊन भाकरी भाजून आणली. सगळ्यांदेखत बाबांनी त्या दुखऱ्या दाढेनं घास चावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चावला. मग घराघरांत चुली पेटल्या. सगळा धूर एक होऊन आभाळात चढला आणि दिवस मावळायच्या आत राहेलला पान्हा फुटला, असं म्हणतात.

आजही निंबोळवाडीच्या ख्रिस्ती देवळात कितीही मोठा उपदेशक येऊ दे, एक लेकुरवाळी उठते, त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवते आणि विचारते, "बाबा, दाढ दुखते का?"

त्यानं तो तुकडा खाऊन खरं उत्तर दिल्याशिवाय त्याला पुस्तक उघडू देत नाहीत.