तीन गाठींचं जाळं

एक होतं जाळं. राजा नव्हता, राणी नव्हती, नुसतं जाळं होतं, बरं का. या, सरका जवळ. सुक्या सोड्यांची बरणी कुणी फोडली ते मी आता विचारत नाहीये. गोष्ट ऐका.

दर्याकाठी शिंपलबंदर नावाचं गाव होतं. तिथे चांगुणा कोळीण राहायची. नवरा हाशा आणि रेवी नावाची तान्ही लेक. आता सांगा, कोळ्यांचं वर्ष कधी संपतं? जेठात. होड्या वर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात. मग त्या गावच्या बायका फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसायच्या आणि भोकं शिवता शिवता सरलेलं वर्ष सांगायच्या. एक गोष्ट, एक गाठ. गोड सांगायचं, तसं कडूही सांगायचं. रीतच होती तशी.

मग चांगुणा बसली. दिवाळीला होडी पापलेटांनी भरली, ते सांगितलं. गाठ मारली. रेवी रांगायला लागली, ते सांगितलं. गाठ मारली. पण तीन गोष्टी घशातच अडकल्या. ती तीन भोकं तिने ओठ मिटूनच शिवली. म्हणाली, कोण बघतंय!

मग आली नारळी पुनव. दर्याला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या. सगळ्यांच्या भरून आल्या, हाशाची रिकामी. चांगुणा बघते तर जाळ्याला तीन भोकं! सुताने शिवली, उसवली. काथ्याने शिवली, उसवली. नायलॉन आणला, तोही उसवला.

मग हाशाने गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. म्हणाला, "चांगुणे, उद्या येकदाच जातो. रिकामाच आलो तर परक्याच्या मोठ्या बोटीवर जाईन. मग शिमग्यालाच येन गो."

चांगुणाने रेवीकडे पाहिलं. तोवर रेवी बापाला विसरून जाईल की! ती मुकाट्याने जाळं वाळूवर पसरायला गेली. तर जाळ्यात एक इवलीशी सोनेरी मांदेली. आणि ती बोलली! हसू नका. मांदेली बोलते, आपण गप्प बसलो तर ऐकू येते.

"बाई गं, दोऱ्याला कशाला दोष देतेस? न बोलता मारलेली गाठ दर्यात टिकत नाही."

चांगुणाने तिला पाण्यात सोडलं आणि सुई उचलली. "आयेनं पौषात बोंबलाचं कालवण मांगलं. मी बोलली, उद्या करते. उद्याला आय नव्हती." सासू गेली तेव्हापासून हे ती कुणाला बोलली नव्हती. ती रडली, खूप रडली, आणि गाठ मारली.

मग शेजारच्या कमळीला हाक मारली. "कमळे, तुजे वाळत घातलेले बोंबील मांजरानं नाय पाडले. मीच रागानं वाळूत पाडले."

कमळी कमरेवर हात ठेवून उभी. "मना म्हाईत होतं गो. कंदी बोलतेस ते बघत व्हती." आणि फतकल मारून बसली, जाळं धरायला.

मग राहिली तिसरी, सगळ्यांत जड. हाशा समोरच उभा होता. चांगुणा खाली मान घालून म्हणाली, "तू शिमग्याला उशिरा आलास, तवा मी बोलली, बुडू दे तुजी होडी."

अगं बाई! कोळ्याच्या घरात असा शब्द कुणी काढतं का? हाशा तिच्यासमोर वाळूवर बसला.

"तो शब्द मी रोज होडीत घेऊन जायचो," तो म्हणाला. "आज उतरला." आणि दोऱ्याचं टोक धरून त्याने स्वतः गाठ आवळली.

मग दुसऱ्या दिवशी जाळं इतकं जड झालं, की कमळीच्या नवऱ्याला ओढायला जावं लागलं! रावस काय, कोळंबी काय, बोंबील काय! चांगुणाने बोंबलाचं कालवण केलं, पहिलं ताट सासूच्या जागेवर ठेवलं. मग गाठोडं सोडलं आणि त्याच फडक्याची रेवीला झोळी बांधली. हाशा झोका देत बसला. शिमगा आला, गेला, तो आपला घरातच.

आता डोळे मिटा. दर्याही निजला... कोण गं ते कुजबुजतंय? काय? बरणी तू फोडलीस?

बरं. ही बघ, मारली गाठ. नीज आता, बाय माझी.